निवडणुकीत पडलेले लोक जाता जाता परदेशी करारांवर मतदान करतात, हे बरोबर आहे का? (अमेरिकन काँग्रेस)

कोरा_कागद:

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. अमेरिकेत दर दोन वर्षांनी नोव्हेंबरमध्ये हाऊसच्या (काँग्रेसचं कनिष्ठ सभागृह) सगळ्या 435 आणि सिनेटच्या (वरिष्ठ सभागृह) साधारण एक तृतीयांश जागांची निवडणूक होते, पण नवे लोक शपथ घेतात थेट 3 जानेवारीला. मधले आठ आठवडे जुनीच काँग्रेस बसते, त्यात पडलेले असतात, रिटायर होणारे असतात, आणि सगळ्यांच्या मताला किंमत तेवढीच. यालाच तिकडे लेम डक सेशन म्हणतात.

आता गंमत नाही, मला खरंच खटकतंय ते असं की परराष्ट्र धोरणाची मोठमोठी कामं नेमकी याच आठ आठवड्यांत उरकलेली दिसतात. 1994 ला डब्ल्यूटीओमध्ये जायचा कायदा, 2006 ला भारताबरोबरच्या अणुकराराचा हाइड ॲक्ट, 2010 ला रशियाबरोबरचा अण्वस्त्रं मर्यादित ठेवायचा न्यू स्टार्ट करार, 2022 ला युक्रेनचे साधारण 45 अब्ज डॉलर. ज्यांना मतदारांनी घरी पाठवलं तेच लोक पुढच्या दहा-वीस वर्षांचं धोरण ठरवून जातात, आणि ज्यांना निवडून दिलंय ते बाहेर उभे. एवढी महत्त्वाची कामं असतात तर निवडणुकीच्या आधी का करत नाहीत, आणि आधी जमत नसेल तर नव्यांसाठी का ठेवत नाहीत? ज्यांचा यावर अभ्यास आहे त्यांनी जरा सविस्तर सांगा, पक्षाची बाजू घेऊन भांडण नकोय.

टिपणवही:

प्रश्न छान आहे. आधी एक गोष्ट, आठ आठवडे म्हणजे खूप कमी केलेत त्यांनी. 1933 च्या विसाव्या घटनादुरुस्तीच्या आधी नव्या काँग्रेसची मुदत 4 मार्चला सुरू व्हायची आणि नेहमीचं पहिलं अधिवेशन डिसेंबरात, म्हणजे माणूस नोव्हेंबरला निवडून आला तर पुढच्या वर्षीच्या डिसेंबरपर्यंत त्याला सभागृहात बसायला मिळेलच असं नाही, तेरा महिने. सिनेटर जॉर्ज नॉरिस वर्षानुवर्षं त्याच्यामागे लागले होते तेव्हा कुठे ते बदललं.

"नव्यांसाठी ठेवा" म्हणणं सोपं आहे पण नियम काय आहे बघा. 3 जानेवारीला जुनी काँग्रेस संपली की पडून राहिलेलं प्रत्येक बिल मरतं. हाऊसने पास केलंय, सिनेटने पास केलंय, फक्त दोन मसुदे जुळवायचे राहिलेत, तरीही मरतं. नव्याने मांडा, नव्याने कमिटी, नव्याने सुनावणी. दोन वर्षांचं काम पाण्यात.

हाइड ॲक्टचंच घ्या, कारण आपल्याकडे तो सगळ्यांना माहितीये पण त्याची तारखांची ओढाताण फारशी कुणी सांगत नाही. भारताने एनपीटीवर, म्हणजे अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर, सही केलेली नाही, त्यामुळे 1954 च्या अमेरिकन अणुऊर्जा कायद्याप्रमाणे भारताशी असा व्यवहार करायचा तर काँग्रेसने खास सूट देणं भाग होतं. हाऊसने त्यांचा मसुदा जुलै 2006 मध्येच 359 विरुद्ध 68 ने पास केला. सिनेटला निवडणुकीआधी वेळच मिळाला नाही. 7 नोव्हेंबरला मतदान झालं, इराकच्या रागात रिपब्लिकनांनी दोन्ही सभागृहं घालवली. मग 16 नोव्हेंबरला सिनेटने 85 विरुद्ध 12 ने आपला मसुदा पास केला, दोन्ही मसुदे जुळवून 8 डिसेंबरला हाऊस 330 विरुद्ध 59, आणि 9 च्या पहाटे सिनेटने विरोधाशिवाय मंजूर केलं. 18 डिसेंबरला बुश यांची सही. ज्यांच्या नावाने कायदा आहे ते हेन्री हाइड स्वतः तेव्हा रिटायर होत होते!

आता आकडे बघा. 330 विरुद्ध 59. यात पडलेल्या लोकांनी येऊन काही फिरवलं असं दिसतंय का? जे पुढे बहुमतात येणार होते त्या डेमोक्रॅट्सपैकीही कितीतरी जण बाजूनेच होते. जानेवारीत हेच मतदान झालं असतं तरी निकाल तोच लागला असता असं माझं मत, फक्त एक-दीड वर्ष आणखी गेलं असतं आणि तेवढ्यात दिल्लीत काय झालं असतं कोण जाणे. म्हणून "कोणी मत दिलं" यापेक्षा "नव्या सभागृहाचं मत वेगळं पडलं असतं का" हे विचारायला हवं असं मला वाटतं.

नीलिमा:

मला मूळ प्रश्नातला "निवडणुकीच्या आधी का करत नाहीत" हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण निवडणुकीच्या आधी केलेलं काम बघितलं की अंगावर काटा येतो.

ऑक्टोबर 2002. इराकवर बळ वापरायची परवानगी. हाऊसने 10 ऑक्टोबरला 296 विरुद्ध 133 ने दिली, सिनेटने 11 ला 77 विरुद्ध 23 ने, आणि मिडटर्मचं, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या मुदतीच्या मध्यावर येणाऱ्या निवडणुकीचं, मतदान होतं 5 नोव्हेंबरला. चार आठवडेसुद्धा नाहीत. गुप्तचर खात्यांचा इराकच्या शस्त्रांवरचा अहवाल सिनेटर्सना ऑक्टोबरच्या सुरुवातीला मिळाला, तो सुरक्षित खोलीत जाऊन वाचायचा होता, आणि फार थोड्या लोकांनी तो पूर्ण वाचला हे नंतर बाहेर आलं. बॉब ग्रॅहम तेव्हा सिनेटच्या गुप्तचर कमिटीचे अध्यक्ष होते, त्यांनी वाचला आणि विरोधात मत दिलं. बाकीच्यांना घाई होती, कॅम्पेनला जायचं होतं, "देशाच्या सुरक्षेबाबत कच्चा" असा शिक्का नको होता. जॉर्जियाचे मॅक्स क्लेलंड, व्हिएतनाममध्ये दोन्ही पाय आणि एक हात गमावलेला माणूस, त्यांनी परवानगीच्या बाजूने मत दिलं आणि तरीही सुरक्षेच्याच मुद्द्यावर प्रचार करून त्यांना पाडलं. म्हणजे भीतीने दिलेल्या मताने जागा पण वाचली नाही.

याच्या शेजारी बारा वर्षांपूर्वीचं बघा. कुवेतचा प्रश्न ऑगस्ट 1990 पासून पेटलेला, पण थोरल्या बुश यांनी आखातातलं सैन्य जवळपास दुप्पट करायचं जाहीर केलं 8 नोव्हेंबरला, मिडटर्म होती 6 ला. दोन दिवस! तेव्हा लोकांपासून लपवलं म्हणून ओरड झाली आणि ती ओरड योग्यच होती. पण काँग्रेसमधलं मतदान त्यामुळे जानेवारी 1991 मध्ये गेलं, नवी काँग्रेस बसलेली, पुढची निवडणूक लांब, दोन-तीन दिवस खरीखुरी चर्चा झाली आणि सिनेटमध्ये 52 विरुद्ध 47 असं पडलं. लोक बाजूने बोलले, विरोधात बोलले, आपापल्या बुद्धीने. ती चर्चा आणि 2002 ची चर्चा शेजारी ठेवून वाचा, फरक कळेल.

युद्धासारख्या गोष्टीवर मतदान करायला सगळ्यात वाईट महिना ऑक्टोबर आहे, डिसेंबर नाही. माझं तर ठाम मत आहे.

कोरा_कागद:

टिपणवही, नीलिमाताई, दोघांचे आभार, तारखा अशा शेजारी ठेवून कधी बघितलंच नव्हतं. पण एक शंका राहतेच. हाइड ॲक्टला दोन्ही पक्षांचा पाठिंबा होता म्हणून तिथे प्रश्न आला नाही असं धरू. जिथे नव्या सभागृहात निकाल खरंच वेगळा लागला असता तिथलं काय? न्यू स्टार्टबद्दल मी असं वाचलंय की मुद्दाम घाईने उरकला.

टिपणवही:

हो, न्यू स्टार्टमध्ये प्रश्न खरा आहे, तो टाळत नाही.

करारावर प्रागला सही झाली 8 एप्रिल 2010 ला. कराराला सिनेटमध्ये दोन तृतीयांश लागतात, सगळे हजर असले तर 67. जुन्या सिनेटमध्ये अपक्ष धरून डेमोक्रॅट बाजूला 58 होते, म्हणजे 9 रिपब्लिकन हवेत. नोव्हेंबरच्या निकालानंतर जानेवारीत तो आकडा 53 होणार होता, म्हणजे 14 हवेत. सगळं राजकारण या 9 आणि 14 च्या मधलं. शिवाय करार हे बिलासारखे मरत नाहीत पण सिनेटच्या नियमाप्रमाणे नव्या काँग्रेसमध्ये त्यांची प्रक्रिया पहिल्यापासून सुरू होते, म्हणजे सप्टेंबरमध्ये परराष्ट्र कमिटीने 14 विरुद्ध 4 ने पुढे पाठवलेलं सगळं परत कमिटीत.

रिपब्लिकनांच्या बाजूने सिनेटर जॉन काइल म्हणत होते की घाई नको, नव्या लोकांना बघू द्या. ओबामा सरकार म्हणत होतं की जुना स्टार्ट करार डिसेंबर 2009 लाच संपलाय, वर्ष झालं, रशियाच्या तळांवर अमेरिकेचा एकही इन्स्पेक्टर जाऊन मोजणी करू शकत नाहीये. माझ्या दृष्टीने हा मुद्दा फार वजनाचा होता, कारण अण्वस्त्रांच्या बाबतीत समोरच्याचं म्हणणं खरं मानून बसायचं नसतं, जाऊन मोजायचं असतं.

आणि मग काय झालं, 22 डिसेंबरला 71 विरुद्ध 26. तेरा रिपब्लिकन बाजूने आले, 9 ची गरज असताना. अण्वस्त्रांच्या कारखान्यांच्या आणि प्रयोगशाळांच्या आधुनिकीकरणाला दहा वर्षांत 85 अब्ज डॉलरच्या आसपास देण्याचं सरकारने कबूल केलं, रिचर्ड लुगरसारख्या जुन्या रिपब्लिकनांनी आपल्या पक्षातल्या लोकांना समजावलं. म्हणजे जबरदस्तीने नाही झालं, देवाणघेवाण होऊन झालं. नव्या सिनेटमध्ये कदाचित अडकला असता हे मात्र मान्य. तरी मला तो निर्णय बरोबर वाटतो, आठ महिने कागद त्याच सिनेटर्ससमोर होते, सुनावण्या त्यांनी ऐकल्या होत्या, प्रश्न त्यांनी विचारले होते, मतही त्यांनीच द्यावं.

दर्यावर्दी:

टिपणवही, तुमचा मान ठेवून सांगतो, तुम्ही फक्त जे पास झालं ते दाखवताय. लेम डकमध्ये जे मारलं जातं ते कोण दाखवणार?

2018 चं येमेन. ऑक्टोबरच्या 2 तारखेला जमाल खशोगींचा इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत खून झाला, तिकडे येमेनमध्ये उपासमारीने पोरं मरत होती, आणि सौदीच्या त्या युद्धाला अमेरिकेची मदत चालू होती. 1973 च्या वॉर पॉवर्स कायद्यात एक चांगली सोय आहे, की सैन्य मागे घ्यायचा ठराव एखाद्या सदस्याने आणला तर नेतृत्वाला तो कमिटीत कुजवत ठेवता येत नाही, ठरलेल्या मुदतीत मतदानाला घ्यावा लागतो. नोव्हेंबरला डेमोक्रॅट्सनी हाऊस जिंकलं. पण जानेवारीपर्यंत ताबा जुन्या रिपब्लिकन बहुमताकडे. त्यांनी काय केलं, लांडग्यांना संरक्षित प्राण्यांच्या यादीतून काढायचं एक बिल होतं, त्याच्या चर्चेच्या नियमात एक ओळ घुसवली की येमेनच्या ठरावाला ही खास सोय लागू नाही. मग डिसेंबरला परत तेच, यावेळी शेतीच्या बिलाच्या नियमात, 206 विरुद्ध 203 ने. दुसऱ्या दिवशी सिनेटने येमेनचा ठराव 56 विरुद्ध 41 ने पास केला, रिपब्लिकन बहुमताच्या सिनेटने! आणि हाऊसमध्ये त्यावर मतदानच होऊ शकलं नाही. 3 जानेवारीला ठराव मेला.

नव्या काँग्रेसने पहिल्यापासून सुरुवात केली, मार्चमध्ये सिनेट 54-46, एप्रिलमध्ये हाऊस 247-175, 16 एप्रिलला ट्रम्प यांनी व्हेटो केला, तो उलटवायला दोन तृतीयांश मिळाले नाहीत. कुणी म्हणेल डिसेंबरात पास झाला असता तरी व्हेटोच झाला असता. असेल. पण खशोगींच्या खुनाचा राग ताजा असताना व्हेटो करणं आणि चार महिन्यांनी करणं यात फरक नाही का? तीन मतांनी हा फरक पुसला, आणि त्या बहुमतातल्या कितीतरी जणांना लोकांनी महिनाभर आधी घरी पाठवलेलं होतं. कोरा_कागद यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे असं मला वाटतं. नव्यांना बांधून ठेवण्यापेक्षा नव्यांना जे हवंय ते अडवणं हे जास्त वाईट.

आणि नीलिमाताई, ऑक्टोबर वाईट हे शंभर टक्के पटलं, पण काही न करता ऑक्टोबर काढणं हेही तितकंच वाईट. 2014 आठवा. आयसिसविरुद्ध इराकमध्ये हवाई हल्ले ऑगस्टपासून चालू होते. काँग्रेसने सप्टेंबरच्या मध्याला सीरियातल्या बंडखोरांना प्रशिक्षण आणि शस्त्रं द्यायला मंजुरी दिली, तीही सरकार चालू ठेवायच्या तात्पुरत्या खर्चाच्या बिलाला जोडून, 11 डिसेंबरपर्यंतची, आणि सगळे प्रचाराला निघून गेले. तीन-चार दिवसांत सीरियावर बॉम्ब पडायला लागले. युद्धाची चर्चा निवडणुकीनंतर करू म्हणाले. निवडणूक झाली, डिसेंबर गेला, 2015 च्या फेब्रुवारीत ओबामांनी मसुदाही पाठवला, आणि आयसिसविरुद्धच्या त्या युद्धाची वेगळी परवानगी काँग्रेसने कधीच दिली नाही. 2001 च्या, अल कायदासाठी दिलेल्या परवानगीवर ते सगळं चाललं. परवानगी देणंही नाही आणि नाकारणंही नाही, म्हणजे जबाबदारी कुणाचीच नाही.

साधा_वाचक:

मध्येच थोडं. निवडणुकीच्या तोंडावरचं आणखी एक ठळक उदाहरण म्हणजे सप्टेंबर 2016, 9/11 च्या पीडितांना सौदी सरकारवर खटला भरता यावा म्हणून केलेला जास्टा कायदा. ओबामांनी व्हेटो केला, सिनेटने 97 विरुद्ध 1 ने उलटवला, हाऊसने 348 विरुद्ध 77 ने. सिनेटमध्ये एकटे डेमोक्रॅट नेते हॅरी रीड विरोधात, आणि ते रिटायर होत होते. दुसऱ्याच दिवशी दोन्ही पक्षांचे नेते म्हणायला लागले की याचे परिणाम आपल्या सैनिकांवर उलटू शकतात, दुरुस्ती करावी लागेल. मतदानाआधी ही चर्चा करायला कुणी हात धरले होते? पीडितांची बाजू मला पटते, पण विचार मतदानानंतर सुरू व्हावा हे वाईट.

तसंच 1986 चं उलट उदाहरण पण आहे, दक्षिण आफ्रिकेवरच्या निर्बंधांना रेगन यांनी व्हेटो केला आणि मिडटर्मला महिना राहिलेला असताना काँग्रेसने तो उलटवला, सिनेट 78-21. तिथे निवडणूक जवळ होती म्हणूनच रिपब्लिकन सिनेटर्सनी स्वतःच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध जायची हिंमत केली असं म्हणायला जागा आहे. त्यामुळे ऑक्टोबर नेहमी वाईटच असं नको म्हणूया.

नीलिमा:

साधा_वाचक, 1986 चं मान्य, चांगलं दाखवलंत. पण त्यात एक फरक आहे. वर्णभेदाच्या विरोधात चळवळ कित्येक वर्षं कॉलेजांत, चर्चमध्ये, शहरांत चालली होती, लोकांचं मत आधी तयार झालं आणि मग काँग्रेस त्यामागे आली. 2002 ला लोकांपुढे सगळी माहिती आलेलीच नव्हती. माहिती पुरी असेल तर निवडणूक जवळ असणं चांगलंच, मतदाराचा धाक हवाच की.

दर्यावर्दी, येमेनचं वाचून वाईट वाटलं, लांडग्यांच्या बिलात ती ओळ होती हे माहीत नव्हतं.

कोरा_कागद:

खूप काही मिळालं. शेवटचा एकच, 2022 च्या युक्रेनच्या पैशांचं कसं बघायचं? हाऊसमधले रिपब्लिकन नेते केव्हिन मॅकार्थी यांनी तर निवडणुकीच्या आधीच सांगितलं होतं की रिपब्लिकन हाऊस कोरा चेक देणार नाही, आणि लोकांनी रिपब्लिकन हाऊस निवडून दिलं. मग डिसेंबरात घाईने पैसे मंजूर करणं म्हणजे त्या कौलाला बगल देणंच नाही का? की डेमोक्रॅट्समध्ये पण मतभेद होते?

दर्यावर्दी:

डेमोक्रॅट्समध्ये कुजबुज होती पण उघड बोलायची चोरी होती. ऑक्टोबरच्या 24 तारखेला त्यांच्या पुरोगामी गटाच्या 30 जणांचं पत्र बाहेर आलं, की मदत चालू ठेवा पण रशियाशी वाटाघाटीचा पण प्रयत्न करा. एवढंच. दुसऱ्या दिवशी मागे घेतलं! मतदानाला दोन आठवडे होते. वाटाघाटी हा शब्द उच्चारायची पण सोय नव्हती, हे तुम्हाला काय सांगतं बघा.

कौलाचं म्हणाल तर मला अर्धं पटतं. मॅकार्थी बोलले होते, लपवाछपवी नव्हती, रिपब्लिकनांना 222 जागा मिळाल्या. पण ती निवडणूक युक्रेनवर झाली नाही, महागाई आणि गर्भपातावर झाली. 21 डिसेंबरला झेलेन्स्की स्वतः काँग्रेससमोर येऊन बोलले आणि त्याच आठवड्यात 1.7 ट्रिलियनच्या एकत्रित खर्चाच्या बिलात ते 45 अब्ज गेले. युक्रेनवर वेगळं मतदान झालंच नाही, हजारो पानांच्या बिलात एक भाग. माझी हरकत त्यालाच आहे. पैसे द्यायचे तर द्या, पण त्यावर स्वतंत्र हो किंवा नाही म्हणा.

टिपणवही:

इथे मी दर्यावर्दींच्या बाजूने. आणि नव्या हाऊसचं मत काय होतं ते शेवटी कळलं पण, फक्त उशिरा कळलं. मॅकार्थी ऑक्टोबर 2023 मध्ये हाऊसच्या अध्यक्षपदावरून गेले, पुढचा मोठा हप्ता महिनोन्‌महिने अडकला, आणि 20 एप्रिल 2024 ला त्याच रिपब्लिकन हाऊसमध्ये युक्रेनवर स्वतंत्र मतदान झालं तेव्हा 311 विरुद्ध 112 ने साधारण 61 अब्ज मंजूर झाले. रिपब्लिकनांत मात्र विरोधात 112 आणि बाजूने 101. म्हणजे बहुमताच्या पक्षातले बहुसंख्य विरोधात आणि सभागृह बाजूने, आणि ते मतदान व्हायला मधले कितीतरी महिने गेले, तोवर युक्रेनच्या तोफांना गोळे पुरत नव्हते. डिसेंबर 2022 चे पैसे गेले नसते तर ही टंचाई वर्षभर आधी आली असती.

कोरा_कागद, पुढच्या वेळी तिथली निवडणूक जवळ आली की सप्टेंबरच्या शेवटी एक गोष्ट बघा, प्रचाराला जाताना तात्पुरत्या खर्चाच्या बिलाची मुदत कोणत्या तारखेपर्यंत ठेवलीये. डिसेंबरची असेल तर ओळखा की परदेशी मदतीचे, निर्बंधांचे जे काही अडलेलं असेल ते जुनेच लोक ठरवणार, आणि जानेवारीनंतरची असेल तर कुणाला तरी नव्या सभागृहाची वाट बघायचीये. डिफेन्स ऑथोरायझेशनचं, म्हणजे संरक्षण खात्याच्या वार्षिक मंजुरीचं, बिलही बघा, ते दरवर्षी पास होतंच आणि बऱ्याचदा डिसेंबरात, त्यामुळे एकट्याने पुढे न जाणाऱ्या कितीतरी परराष्ट्र विषयक तरतुदी त्यालाच चिकटवलेल्या असतात. वर्तमानपत्रात त्याची बातमी सैनिकांच्या पगारवाढीची येते, आतली कलमं वाचायला वेळ काढा.